मधल्या कोडची जबाबदारी : वऱ्हाडातून क्लायंट लायब्ररीचा आढावा

अकोला किंवा अमरावती जिल्ह्यातल्या शेतकऱ्याने हमीभावाने कापूस विकायचा ठरवला, की त्याच्या शेताची एकच माहिती अनेक सर्व्हरवर फिरते. कपाशीचा पेरा किती, हे तो आधी ई-पीक पाहणीच्या अ‍ॅपमध्ये नोंदवतो. ती नोंद सातबाऱ्यावर चढते. २०२५च्या सप्टेंबरपासून भारतीय कापूस महामंडळाच्या ‘कपास किसान’ अ‍ॅपवर आधारसह नोंदणी करून तोच पेरा पुन्हा दाखवावा लागतो, आणि केंद्रावर गाडी नेण्याआधी स्लॉट घ्यावा लागतो. शेवटी पैसे बँक खात्यात जमा होतात. २०२५-२६च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये होता आणि लांब धाग्याचा ८,११० रुपये. स्लॉट हुकला आणि घरात पैशाची नड असली, तर तोच कापूस खेडा खरेदीत पडेल त्या भावाने जातो.

या साखळीतल्या प्रत्येक कडीत एका बाजूला मोबाईलवरचा पडदा असतो आणि दुसऱ्या बाजूला मुंबई-दिल्लीकडचा कुठला तरी सर्व्हर. दोन्हींच्या मध्ये जो कोडचा थर असतो, त्याला क्लायंट लायब्ररी म्हणतात. पडद्याची चर्चा होते, कारण तो दिसतो. सर्व्हरची चर्चा होते, कारण तो बंद पडतो. मधल्या थराबद्दल मात्र मराठीत फारसे कुणी लिहीत नाही, आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रकल्पांतही तो दोन ओळींत उरकला जातो. वऱ्हाडासारख्या भागात एखादी ऑनलाइन सेवा माणसाच्या उपयोगी पडते की नाही, याचा निकाल बहुतेक वेळा याच थरात लागतो, असे माझे ठाम मत आहे. म्हणून हा आढावा. वर उल्लेखलेल्या सरकारी अ‍ॅपांचा आतला कोड कसा आहे, हा इथला विषय नाही. अशा कामासाठी लायब्ररी कशी निवडावी आणि उभी करावी, एवढाच विषय आहे.

लायब्ररीचे काम समजायला बाजार समितीतला अडत्या डोळ्यांपुढे आणावा. शेतकऱ्याला प्रत्येक खरेदीदाराची रीत माहीत असावी लागत नाही. माल उतरवणे, हर्रासात मांडणे, मोजमाप करून घेणे, हिशेबपट्टी हातात देणे हे सगळे अडत्या बघतो. अ‍ॅपच्या पानाने क्लायंट लायब्ररीला एवढेच सांगायचे असते, की या गटातला हा पेरा नोंदव. पत्ता कोणता, ओळखपत्र म्हणून कोणते टोकन लावायचे, किती वेळ वाट पाहायची, उत्तर नाही आले तर काय करायचे, आलेल्या उत्तराचा अर्थ काय, हे लायब्ररीने पाहायचे.

या थराचा इतिहास लहान आहे. मायक्रोसॉफ्टने १९९९मध्ये इंटरनेट एक्सप्लोररच्या पाचव्या आवृत्तीत एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट आणली, तेव्हापासून पूर्ण पान पुन्हा न उघडता सर्व्हरशी बोलता येऊ लागले. रॉय फील्डिंग यांच्या २०००मधल्या प्रबंधाने सर्व्हरशी बोलण्याची रेस्ट ही मांडणी दिली. पान पुन्हा न उघडण्याच्या तंत्राला २००५मध्ये ‘एजॅक्स’ हे नाव रूढ झाले आणि २००६मध्ये आलेल्या जेक्वेरीने ते तंत्र प्रत्येक वेब डेव्हलपरच्या हातात दिले. २०१४मध्ये अ‍ॅक्सिऑस ही रिक्वेस्ट पाठवणारी लायब्ररी आली. २०१५पासून फेच ही सोय ब्राउझरांत येऊ लागली, आणि २०२२मध्ये सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडच्या अठराव्या आवृत्तीपासून ती तिकडेही आपोआप मिळू लागली. त्यामुळे केवळ रिक्वेस्ट पाठवण्यासाठी बाहेरची लायब्ररी घ्यायची गरज आज उरलेली नाही. खरी गरज त्या रिक्वेस्टच्या भोवतीच्या निर्णयांची आहे.

पहिला मार्ग नुसत्या फेचचा. त्यावर काम सुरू करणारा विद्यार्थी दोन ठिकाणी हमखास अडखळतो. सर्व्हरने ४०४ किंवा ५०० असे उत्तर दिले तरी फेच त्याला चूक मानत नाही. उत्तर आले एवढ्यावर ती समाधानी असते, आणि आत काय आहे ते आपण तपासायचे असते. दुसरे म्हणजे फेचला स्वतःची अशी वेळमर्यादा नाही. अ‍ॅक्सिऑस चुकीचे उत्तर आल्यावर एरर देते खरी, पण वेळमर्यादा तिच्यातही ठरवून दिल्याशिवाय लागत नाही. पुण्यातल्या ऑफिसच्या वायफायवर हे कधी लक्षात येत नाही. मेळघाटातल्या धारणी किंवा चिखलदऱ्याकडे मोबाईलवर एक काडी नेटवर्क असताना तेच पान फिरत्या चक्रासह कितीतरी वेळ अडकून राहते, आणि माणूस शेवटी अ‍ॅप बंद करून पुन्हा उघडतो. म्हणून लायब्ररी उभी करताना पहिली ओळ वेळमर्यादेची असावी: साध्या माहितीसाठी दहा-पंधरा सेकंद, फोटो चढवण्यासाठी त्याहून बरीच जास्त.

दुसरा मार्ग आपोआप तयार होणाऱ्या लायब्ररीचा. बॅकएंडचा, म्हणजे सर्व्हरकडच्या बाजूचा, करार ओपनएपीआय नमुन्यात लिहिलेला असेल, तर त्यातून क्लायंटचा कोड यंत्रानेच तयार होतो. २०११मध्ये स्वॅगर या नावाने सुरू झालेले हे काम २०१५मध्ये ओपनएपीआय या सामाईक नावाखाली आले. याचा मोठा फायदा असा, की सर्व्हरवर एखाद्या रकान्याचे नाव बदलले तर अ‍ॅप बांधतानाच चूक दिसते, शेतकऱ्याच्या हातात गेल्यावर नाही. याचा तोटाही आहे. तयार झालेला कोड अनेकदा बोजड असतो आणि त्याच्या नावांत सर्व्हर लिहिणाऱ्याची भाषा उतरते. मी याला प्रकार म्हणून पहिली पसंती देतो, पण एका अटीवर: तयार कोडला पानांनी थेट हात लावायचा नाही. त्याच्या वर आपला स्वतःचा पातळ थर हवा आणि पानांनी फक्त त्याच थराशी बोलावे.

तिसरा मार्ग कंपनीच्या तयार संचाचा. २०११मध्ये सुरू झालेली आणि २०१४मध्ये गूगलने घेतलेली फायरबेस, किंवा २०२०पासून पोस्टग्रेस या डेटाबेसवर उभी असलेली सुपाबेस. चार ओळींत लॉगिन, डेटाबेस आणि फाइलींचा साठा मिळतो. फायरबेसचा फायरस्टोअर तर नेटवर्क नसतानाही नोंदी जपतो. अमरावतीतल्या एखाद्या छोट्या संस्थेला संत्रा बागायतदारांची यादी ठेवायची असेल, तर हा मार्ग चांगलाच आहे. दोन गोष्टी मात्र डोक्यात पक्क्या हव्यात. ब्राउझरमध्ये दिलेली चावी कुणालाही दिसते, म्हणून कोणाला कोणती ओळ वाचता येईल हा नियम डेटाबेसमध्येच लिहिलेला असला पाहिजे. तो न लिहिता चावी लपवण्याची धडपड व्यर्थ आहे. दुसरी गोष्ट पार्सची. फेसबुकने २०१३मध्ये विकत घेतलेली ही सेवा जानेवारी २०१७मध्ये बंद झाली आणि तिच्या लायब्ररीवर थेट उभी असलेली कितीतरी अ‍ॅपे घाईने हलवावी लागली. ज्यांनी मध्ये स्वतःचा थर ठेवला होता, त्यांना कोडमध्ये फक्त तो थर पालटायचा होता.

ग्राफक्यूएल ही सर्व्हरकडे माहिती मागण्याची भाषा, किंवा आलेले उत्तर जपून ठेवणाऱ्या टॅनस्टॅक क्वेरीसारख्या लायब्ररी यांचा उल्लेख करून पुढे जातो. दुसरा प्रकार उपयोगी आहे, पण तो पडद्याच्या सोयीचा आहे, सर्व्हरशी बोलण्याच्या नियमांचा नाही. दोन्हींची गल्लत करू नये.

बाहेरची लायब्ररी जशीच्या तशी वापरलीच पाहिजे, असा एक प्रसंग मात्र आहे. यूपीआयमध्ये कोणतेही अ‍ॅप असो, पिन टाकण्याचा पडदा भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाच्या सामाईक लायब्ररीचा असतो. अ‍ॅप बनवणाऱ्याला तो पिन दिसतच नाही. २०१६पासून कोट्यवधी लोक ही लायब्ररी वापरत आले आहेत आणि तिचे नावही त्यांना माहीत नाही. गुपित जपायचे असेल तिथे आपल्या हुशारीला वाव देऊ नये, हे त्यातून घेण्यासारखे आहे.

आता या लेखाच्या गाभ्याकडे येतो. सगळ्या वऱ्हाडात ऐकू येणारे वाक्य म्हणजे ‘सर्वर डाऊन हाय’. त्याच्या जोडीला ‘ओटीपी येऊनच नाही रायला’. सेतू केंद्रात रांगेत उभ्या असलेल्या माणसाला कारण कळत नाही, केंद्रचालकालाही कळत नाही. यातला काही भाग सर्व्हरच्या क्षमतेचा असतो. पण क्लायंटही सर्व्हरला पाडू शकतो, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. समजा, स्लॉटची खिडकी सकाळी दहाला उघडते आणि दहा हजार मोबाईल एकदम येतात. सर्व्हर दमतो आणि ५०३, म्हणजे ‘सध्या सेवा नाही’, असे उत्तर देतो. लायब्ररीत लिहिलेले असते, की अपयश आले तर लगेच आणखी तीनदा प्रयत्न कर. दहा हजारांच्या चाळीस हजार रिक्वेस्ट झाल्या, त्याही ज्या क्षणी सर्व्हरला श्वास हवा होता त्याच क्षणी. वर माणसे स्वतःही बटण दाबत राहतात, ते वेगळेच.

यावरचा उपाय जुना आहे आणि सोपाही. प्रत्येक अपयशानंतर थांबण्याचा काळ दुप्पट करायचा: एक सेकंद, दोन, चार, आठ. त्यात थोडा यादृच्छिक फरक मिसळायचा, म्हणजे सगळे मोबाईल एकाच ठोक्याला परत येत नाहीत. सर्व्हरने ४२९ म्हणजे ‘फार रिक्वेस्ट झाल्या’ असे सांगितले आणि किती वेळाने यायचे तेही कळवले, तर ते ऐकायचे. आणि ४०० म्हणजे ‘माहिती चुकीची’ किंवा ४०३ म्हणजे ‘परवानगी नाही’ असे आले असेल, तर पुन्हा प्रयत्नच करायचा नाही, कारण चुकीची माहिती दहा वेळा पाठवली म्हणून बरोबर होत नाही आणि नाकारलेली परवानगीही मिळत नाही. हे नियम एकाच जागी लिहिलेले असतील तर दहा मिनिटांत दुरुस्त होतात. पन्नास पानांवर पन्नास ठिकाणी फेच लिहिलेली असेल, तर हंगाम संपेपर्यंत होत नाहीत.

याहून अवघड प्रश्न उत्तर हरवण्याचा आहे. रिक्वेस्ट पोहोचली, स्लॉट नोंदला गेला, पण उत्तर परत येताना नेटवर्क तुटले. मोबाईलच्या लेखी काम झालेच नाही. लायब्ररी पुन्हा पाठवते आणि एकाच शेतकऱ्याच्या नावावर दोन स्लॉट पडतात, किंवा ‘आधीच नोंद आहे’ असे उत्तर येऊन तो गोंधळतो. यासाठी बटण दाबताक्षणी क्लायंटने एक स्वतंत्र क्रमांक तयार करायचा, रिक्वेस्ट पाठवण्याआधी तो मोबाईलमध्ये साठवायचा आणि प्रत्येक प्रयत्नाबरोबर तोच पाठवायचा. सर्व्हरने तो क्रमांक आधी पाहिला असेल, तर नवीन नोंद न करता जुनेच उत्तर परत द्यायचे. ‘पाठवण्याआधी साठवायचा’ हा त्यातला कळीचा भाग, कारण माणूस अ‍ॅप बंद करून उघडतो तेव्हा केवळ स्मृतीत असलेला क्रमांक गेलेला असतो. पैशाचा, स्लॉटचा किंवा अर्जाचा संबंध असलेली कोणतीही लायब्ररी मी या एका कसोटीवर आधी तपासेन. हे काम एकट्या क्लायंटचे नाही. बॅकएंडने त्याला साथ दिलीच पाहिजे, आणि ती देत नसेल तर क्लायंटच्या डेव्हलपरने हट्टाने मागितली पाहिजे.

नेटवर्कच नसण्याची गोष्ट वेगळी. अमरावती जिल्ह्यातले मेळघाटातले हरिसाल २०१६मध्ये राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या पुढाकाराने ‘डिजिटल गाव’ म्हणून पुढे आले, आणि २०१९च्या लोकसभा प्रचारात तिथल्या प्रत्यक्ष स्थितीवरून मोठा वादही झाला. त्या वादात न शिरता एवढे म्हणता येते, की डोंगर-जंगलाच्या भागात नेटवर्क ‘आहे’ आणि ‘नाही’ यांच्यामध्ये फार मोठा पट्टा असतो. ब्राउझर सांगतो ऑनलाइन, कारण मोबाईल टॉवरला जोडलेला आहे. प्रत्यक्षात एक अक्षर पलीकडे जात नाही. म्हणून ब्राउझरच्या त्या खुणेवर विश्वास ठेवू नये. सर्व्हरकडून छोटेसे उत्तर आले तरच ऑनलाइन समजावे.

१५ ऑगस्ट २०२१ला टाटा ट्रस्टच्या सहकार्याने राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतात माहिती भरून, नेटवर्कमध्ये आल्यावर ‘अपलोड’ करण्याची सोय दिली गेली. मला ही दिशा सर्वथा योग्य वाटते. पीक शेतात असते आणि टॉवर गावात. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, तेव्हा जागा आणि फोटो दोन्ही बांधावरच घेता येतात. अशी सोय वेब अ‍ॅपमध्ये द्यायची असेल तर नोंदी ब्राउझरच्या इंडेक्स्डडीबी या साठ्यात रांगेने ठेवाव्यात आणि पान जपायचे काम सर्व्हिस वर्करला द्यावे. पण इथे अनेक खाचखळगे आहेत आणि ते पुस्तकात एका ठिकाणी सापडत नाहीत.

आपोआप मागून पाठवण्याची सोय क्रोमच्या घराण्यात आहे, सफारी आणि फायरफॉक्समध्ये नाही. म्हणून रांगेत किती नोंदी उरल्या हे दाखवणारे आणि हाताने दाबता येणारे बटण हवेच. सफारीत माणसाने सात दिवस त्या साइटला हात लावला नाही, तर साठा पुसला जाऊ शकतो. होम स्क्रीनवर बसवलेले अ‍ॅप त्यातून सुटते. कमी जागेच्या अँड्रॉइडवरही ब्राउझर जागा मोकळी करताना साठा काढू शकतो, म्हणून ‘हा साठा कायम ठेव’ अशी परवानगी लायब्ररीने मागून घ्यावी. फोटो चार-पाच एमबीचा असतो. पाठवण्याआधी तो लहान करावा लागतो, आणि ब्राउझरमध्ये लहान करताना फोटोच्या पोटातली जागेची माहिती निघून जाते. ती आधी काढून वेगळी ठेवली नाही, तर बांधावर काढलेला फोटो कुठला हे सांगता येत नाही. नोंद कधी केली आणि कधी पोहोचली या दोन्ही वेळा वेगवेगळ्या ठेवाव्या लागतात, कारण मुदत संपण्याआधी भरलेली नोंद मुदतीनंतर चढली तर शेतकऱ्याच्या बाजूने पुरावा हवा. मोबाईलचे घड्याळ चुकीचे असू शकते, हेही जमेस धरावे.

सर्वांत घातक चूक मात्र लॉगिनची आहे. सोमवारी शेतात भरलेली नोंद गुरुवारी चढवायला घेतली, तोवर टोकनची मुदत संपली. सर्व्हर ४०१ म्हणतो. सर्वसाधारण लायब्ररी अशा वेळी माणसाला लॉगआऊट करते, आणि लॉगआऊट करताना स्वच्छतेच्या नावाखाली सगळा साठा पुसते. तीन दिवसांच्या नोंदी गेल्या. रांग आणि लॉगिन यांचे साठे वेगळे हवेत, आणि पुन्हा लॉगिन झाल्यावर त्याच माणसाची रांग पुढे चालू व्हायला हवी. तसेच एका पानावरून पाच रिक्वेस्ट एकदम गेल्या आणि पाचांनाही ४०१ आले, तर नवे टोकन एकदाच मागून पाचांनी त्याची वाट पाहावी. नाहीतर पाच नवी टोकने एकमेकांना रद्द करतात आणि माणूस विनाकारण बाहेर फेकला जातो.

आता आपल्याच मातीतल्या अडचणी. परदेशी लायब्ररीला त्या कधीच ठाऊक नसतात. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते, शेतकरी बोलतो एकरात. पाच एकर म्हणजे २ हेक्टर २ आर, आणि ते लिहायचे २.०२. घाईत कुणी २.२ लिहिले, की ते २ हेक्टर २० आर होते. अठरा आर कपाशी कागदावर जास्तीची उगवली, आणि पेऱ्याच्या क्षेत्रावरूनच खरेदीची मर्यादा ठरते. उताऱ्यावर चौरस मीटरसह १.२०.०० असे लिहिलेले असते, ते तर अंक म्हणून वाचताच येत नाही. क्षेत्र हे दशांश संख्या म्हणून कधीही पाठवू नये. हेक्टर आणि आर दोन वेगळे पूर्णांक ठेवावेत, आणि पडद्यावर एकरातला आकडा बाजूला दाखवावा.

मराठी कीबोर्डवरून माणूस ४५ असे देवनागरी अंक टाकतो. जावास्क्रिप्ट त्याला अंक मानत नाही आणि नोंद ‘चुकीची’ ठरते. दुरुस्ती एका ओळीची आहे, पण ती लायब्ररीत हवी, प्रत्येक रकान्यात नाही. तारखांचेही तसेच. भारतीय वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. जावास्क्रिप्टची एक सर्रास वापरली जाणारी तारीख-पद्धत जागतिक वेळच धरते आणि पहाटे साडेपाचच्या आत केलेल्या नोंदीवर आदल्या दिवसाची तारीख टाकते. पहाटे उठून काम उरकणाऱ्या लोकांच्या प्रदेशात ही चूक रोज घडू शकते.

आणि अक्षरे. वऱ्हाड हा शब्द संगणकात तीन प्रकारे साठवला जाऊ शकतो: ऱ हे एक स्वतंत्र अक्षर म्हणून, र आणि खालचा नुक्ता मिळून, किंवा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह मिळून. डोळ्याला तिन्ही जवळपास सारखेच दिसतात. संगणकाला तिन्ही वेगळे. पहिले दोन युनिकोडच्या ठरलेल्या एकरूपीकरणाने जुळतात, तिसरा जुळत नाही. तो स्वतः नियम लिहून बदलावा लागतो. ऱ्या किंवा ऱ्हा असलेले आडनाव एका सर्व्हरवर एका प्रकारे आणि दुसऱ्यावर दुसऱ्या प्रकारे साठवले असेल, तर नावे जुळत नाहीत आणि अर्ज अडकतो. पाठवण्याआधी सगळा मजकूर एकाच रूपात आणणे हे क्लायंट लायब्ररीचे काम आहे. मराठीसाठी हे कुणी बाहेरचा करून देणार नाही.

बाजारभावाच्या बाबतीत गंमत अशी, की माहिती उघडी आहे आणि तरी तिच्यावर चांगली अ‍ॅपे कमी आहेत. अ‍ॅगमार्कनेट २०००पासून आहे. सरकारचे खुल्या माहितीचे संकेतस्थळ २०१२पासून आहे आणि त्यावर बाजार समित्यांचे रोजचे भाव एपीआयमधून मिळतात. नमुन्याच्या चावीने मात्र एका वेळी दहाच नोंदी येतात. बरेच विद्यार्थी इथेच थांबतात आणि माहितीच नाही असे म्हणतात. स्वतःची चावी नोंदवून घ्यावी लागते, आणि ती ब्राउझरमध्ये न ठेवता आपल्या छोट्या सर्व्हरवर ठेवावी लागते. अशा मधल्या सर्व्हरमुळे कॉर्सची अडचणही सुटते. एका संकेतस्थळाच्या पानाला दुसऱ्या संकेतस्थळाचे उत्तर वाचू द्यायचे की नाही, हे ब्राउझर त्या दुसऱ्या सर्व्हरच्या परवानगीवरून ठरवतो, आणि ती परवानगी विचारायला बऱ्याचदा एक फेरी जास्तीची लागते. मंद नेटवर्कवर ती फेरीही जाणवते.

या माहितीत गावे, बाजार आणि जिल्हे रोमन लिपीत येतात, आणि त्यांची स्पेलिंग प्रत्येक संचात वेगळी असू शकते. सोयाबीनसारख्या पिकांच्या नावांचेही तसेच. नावावरून जुळणी करणारी लायब्ररी आज ना उद्या फसते. २०११च्या जनगणनेत अकोल्याचा क्रमांक ५०१ आणि अमरावतीचा ५०३ आहे. पंचायत राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेचे क्रमांक वेगळे आहेत. कोणता क्रमांक धरायचा हे एकदा ठरवून बाकी सगळे त्याच्याशी जोडणारा तक्ता लायब्ररीत ठेवावा. आज भावाची नोंद नाही याचे अर्थही तीन होतात: बाजार बंद होता, समितीने माहिती चढवली नाही, किंवा आपली रिक्वेस्ट फसली. तिन्हींसाठी एकच रिकामे पान दाखवणे म्हणजे शेतकऱ्याची दिशाभूल. कालचा भाव दाखवायला हरकत नाही, पण त्याच्या शेजारी तारीख ठळक हवी.

चुकांच्या संदेशांबद्दल मी आग्रही आहे. लायब्ररीने चुकांचे मोजके प्रकार ठरवावेत: नेटवर्क नाही, नेटवर्क मंद आहे, लॉगिनची मुदत संपली, माहितीत चूक आहे, स्लॉट भरले, सेवा बंद आहे. सर्व्हरने वाक्य न पाठवता सांकेतिक क्रमांक पाठवावा आणि मराठी वाक्य क्लायंटने लावावे. त्या वाक्यात पुढे काय करायचे ते असावे. ‘तुमची नोंद मोबाईलमध्ये सुरक्षित आहे, नेटवर्क आल्यावर पाठवू’ हे वाक्य वाचून माणूस निश्चिंतपणे घरी जातो. ‘समथिंग वेंट राँग’ वाचून तो पुन्हा रांगेत उभा राहतो आणि त्या दिवसाची मजुरी बुडते.

सुरक्षिततेचा विचार लायब्ररी निवडतानाच करावा. मार्च २०१६मध्ये लेफ्ट-पॅड नावाचे अकरा ओळींचे पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएम या पॅकेजांच्या सामाईक भांडारातून काढले आणि जगभरात अ‍ॅपे बांधण्याची कामे अडली. सप्टेंबर २०२५मध्ये चॉक आणि डीबगसारख्या रोज वापरल्या जाणाऱ्या पॅकेजांत घातक कोड शिरवला गेला. प्रत्येक अवलंबित्व म्हणजे घराची एक किल्ली बाहेरच्या माणसाकडे देणे आहे. आवृत्ती कुलूपबंद ठेवावी, गरज नसलेले पॅकेज घेऊ नये, आणि फेचवर भागत असेल तर फेचवरच भागवावे. वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा २०२३मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले. ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये आधार क्रमांक जसाच्या तसा ठेवणारा कोड आजही अनेक प्रकल्पांत दिसतो. सेतू केंद्राचा संगणक दिवसभरात कित्येकांच्या हाताखालून जातो. तिथे असा साठा राहू देणे हा गुन्ह्याइतकाच गंभीर हलगर्जीपणा आहे.

तेव्हा माझा कौल असा. सरकारी किंवा सहकारी सेवेसाठी बॅकएंडचा करार ओपनएपीआयमध्ये आधी लिहावा. त्यातून तयार झालेल्या कोडवर, फेचच्या आधाराने, स्वतःचा पातळ थर बांधावा. वेळमर्यादा, थांबून पुन्हा प्रयत्न, स्वतंत्र क्रमांक, ऑफलाइन रांग, मराठी संदेश आणि हेक्टर-आर हे सगळे त्याच थरात असावे. कंपनीचे तयार संच लहान प्रकल्पांसाठी चांगले, पण त्यांनाही याच थरामागे ठेवावे.

अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४पासून आहे, संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ १९८३पासून, आणि अकोल्याचे पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९पासून. संगणक शिकणारी मुले आणि शेती जाणणारी माणसे एकाच विभागात, शे-सव्वाशे किलोमीटरच्या आत आहेत. दरवर्षी शेवटच्या वर्षाचे कितीतरी प्रकल्प पीक आणि बाजारभाव याच विषयावर होतात आणि प्रत्येक गट फेचची तीच ओळ नव्याने लिहितो. या संस्थांना माझी विनंती आहे, की पुढच्या वर्षी एक तरी गट अ‍ॅप न बनवता लायब्ररी बनवू द्या. देवनागरी अंक, हेक्टर-आर, ऱची तीन रूपे, जिल्हा-तालुक्यांचे क्रमांक, बाजारभावाचा एपीआय आणि ऑफलाइन रांग एवढेच तिच्यात असू द्या. ती खुल्या परवान्याखाली ठेवा, तिची माहितीपुस्तिका मराठीत लिहा, आणि गुण देण्याआधी धारणीला जाऊन एक काडी नेटवर्कवर ती चालवून बघा.